चंबूवाला उस्मान

उस्मान सारंगच्या हातात नऊ एमएमचं काडतूस दिलं की त्याचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. कोणी शिळी मासळी गळ्यात मारावी तसा तो ते दोन बोटांत धरायचा आणि म्हणायचा, "हे काडतूस आहे? नळकांडं आहे नळकांडं! खाली जेवढं तेवढंच वर." आणि गंमत बघा, ओमानमधल्या सीब गावामागे डोंगरांच्या पायथ्याशी जो शूटिंग क्लब आहे, त्याच्या खिडकीतून दिवसभर हीच नळकांडी मेंबरांना देणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. पंधरा वर्षं त्यानं ते इमानेइतबारे केलं, पण नळकांड्यांवर त्याचं मन काही बसलं नाही.

त्याचं मन बसलं होतं चंबूंवर. चंबू हा त्याचाच शब्द. पिस्तुलाची काही काडतुसं बाटलीसारखी असतात, अंगानं रुंद आणि वर गोळीपाशी गळा आवळलेली. दाभोळच्या खाडीकाठी त्याच्या आईच्या चुलीशी पितळी चंबू असायचा, त्याच आकाराची. "पोटात दारू भरपूर, तोंडाशी गोळी बारीक, मग ती सुटणार कशी? सुसाट! आणि रुंद चेंबरात बारीक तोंड शिरायचं, मग अडकेल कशाला?" हे तो विचारणाऱ्याला सांगायचा आणि न विचारणाऱ्यालाही सांगायचा. त्याची बायको बिलकीस म्हणायची, "माझ्याशी निकाह लावलात तेव्हा एवढी तारीफ केली नव्हती कोणाची."

उस्मान ओमानला आला तो गाला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका वर्कशॉपात लेथवर. अकरा वर्षं लोखंड कातून त्याच्या बोटांना केसाएवढा फरक कळायला लागला होता. ते बघूनच क्लबानं त्याला उचललं. काडतुसांची कोठी, पिस्तुलांची साफसफाई, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्याच्याकडे. कोठीच्या भिंतीवर त्यानं एक फळी ठोकली होती आणि तिच्यावर दारू काढून टाकलेली, मेलेली काडतुसं ओळीनं बसवली होती. सगळे चंबू. एक थ्री फिफ्टी सेव्हन सिग, आखूड गळ्याचं आणि रुंद खांद्यांचं, त्याला तो 'आमचा कबड्डीवाला' म्हणायचा. एक फाइव्ह-सेव्हन, उंच आणि बारीक. एक सात पॉइंट पासष्ट ल्युगर, ज्याचा गळा मोकळा करूनच पुढे ते नऊ एमएम निघालं. हे सांगताना तो अक्षरशः चिडायचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोण्या जर्मन इंजिनियरवर दाभोळच्या माणसाचा इतका राग असावा, याचं क्लबातल्या सगळ्यांना हसू यायचं.

पण फळीच्या मधोमध, सगळ्यांच्या वर होतं ते सात पॉइंट त्रेसष्ट माउझर. अठराशे शहाण्णवचं. त्याच्या शेजारी रशियन टोकारेव्ह. दोघं दिसायला जुळी. रशियन लोकांनी माउझरचाच साचा उचलला आणि आत जोर वाढवून ठेवला. त्यामुळे टोकारेव्हचं काडतूस माउझरच्या जुन्या पिस्तुलात छान बसतं आणि त्या म्हाताऱ्या पिस्तुलाला ते सोसत मात्र नाही. नवा मेंबर आला की उस्मान त्या दोघांसमोर त्याला उभा करायचा आणि बजावायचा, "बसतं म्हणून चालतं असं नाही, समजलं?" दोघांमधला फरक ओळखायचा तर काडतुसाच्या तळाचा ठसा भिंगाखाली धरून वाचायचा. दुसरा मार्ग नाही. हे त्याच्याइतकं त्या क्लबात कोणाला पाठ नव्हतं, आणि म्हणूनच पुढचं जे झालं ते इतकं लागतं.

त्याची एक करामत होती. डोळ्यांवर रुमाल बांधून तो हाताला येईल ते काडतूस नुसतं चाचपून ओळखायचा. कबड्डीवाला, फाइव्ह-सेव्हन, ल्युगर, फटाफट. मेंबर टाळ्या पिटायचे. उस्मान वरवर "चला, चला, काम करू द्या" म्हणायचा, पण आतून खूश व्हायचा. माणूसच तो.

आता नासर बिन खलफान. वय अठ्ठ्याहत्तर, उंच, पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्यावर कशिद्याची टोपी. जन्म झांझिबारचा, तरुणपणी कुटुंबाबरोबर मस्कतला परतलेले. अरबी, स्वाहिली आणि सिनेमे बघून शिकलेलं हिंदी, तिन्ही एकाच वाक्यात बोलायचे. ओमानमध्ये वडीलधाऱ्याला वालिद म्हणतात, उस्मानही त्यांना वालिदच म्हणायचा. दर शनिवारी सकाळी ते यायचे ते थर्मासमध्ये काहवा आणि दोन कप घेऊन. आधी उस्मानच्या खिडकीबाहेरच्या बाकावर बसून गप्पा, मग जमलं तर नेमबाजी. झांझिबारच्या लवंगा आणि दाभोळची सुकी मासळी यावर दोघं तासन्‌तास बोलायचे. उस्मानचे वडील तो चार वर्षांचा असतानाच समुद्रात गेलेले. वालिद म्हणताना तो नुसती रीत पाळत नव्हता, एवढं समजून घ्या.

या नासर बिन खलफानांकडे त्यांच्या आजोबांचं माउझर पिस्तूल होतं. झांझिबारहून पेटीत कपड्यात गुंडाळून आलेलं, रीतसर परवान्याचं. पण उस्मानच्या मागे लागूनही त्याची काडतुसं मिळेनात, म्हणून कित्येक वर्षं ते मुकं पडलेलं. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, डोळ्याचा पडदा झिजतोय, वर्षभरात समोरचं निशाण दिसायचं बंद होईल. त्या शनिवारी त्यांनी काहवा ओतला आणि म्हणाले, "उस्मान, दिसतंय तोवर आजोबांचं पिस्तूल एकदा चालवायचंय. पाच गोळ्या. बस, खलास."

उस्माननं ते मनावर घेतलं. दोन महिने खपला. पिस्तूल पार खोललं, स्प्रिंगा बदलल्या, नळी तपासली. कोठीच्या तळाशी एक पत्र्याचा डबा होता, नुकत्याच देश सोडून गेलेल्या कोण्या मेंबरानं देऊन टाकलेली सुटी काडतुसं, माउझर आणि टोकारेव्ह सरमिसळ. त्यातली पाच माउझर निवडायची, एवढंच उरलं होतं.

तो शनिवार उजाडला. बातमी फुटलेलीच होती, त्यामुळे वालिदांचे सात-आठ जुने दोस्त हजर. खिडकीपाशी ही गर्दी. उस्माननं टेबलावर डबा ओतला, भिंग काढलं आणि एकेक ठसा वाचायला लागला. पहिलं मिळालं. दुसरं मिळालं. ठसे झिजलेले, वेळ लागत होता. तेवढ्यात गर्दीतून एक जण ओरडला, "अरे उस्मान, भिंग कशाला? तुझी बोटं कुठे गेली? डोळे मीट आणि दे, यल्ला!" बाकीचे हसले. वालिदही हसले. कोणीतरी रुमाल पुढे केला.

काय सांगायचं! तिथंच म्हणायला हवं होतं, नाही बाबा, या दोघांत बोटं चालत नाहीत. त्याला ठाऊक होतं. पण आठ माणसं कौतुकानं बघतायत, वालिदांचा चेहरा लहान पोरासारखा फुललाय, आणि लेथवर घडलेली आपली बोटं म्हणजे बोटं, असं त्याला त्या घटकेला खरंच वाटलं. त्यानं डोळे मिटले. उरलेली तीन चाचपून काढली. टाळ्या झाल्या. गडबडीत वहीत नोंद करायची राहिली, म्हणाला, नंतर करू.

पहिली गोळी सुटली, दुसरी सुटली. वालिद वळून हसले. तिसऱ्या गोळीला आवाजच वेगळा आला. उस्मानच्या कानांनी तो ओळखला. पिस्तुलाच्या मागच्या अंगाची खीळ तुटली, आतला तुकडा उलटा आला आणि वालिदांच्या चष्म्याच्या काडीवर आपटला. चष्म्यामुळे डोळा वाचला. गाल मात्र फाटला, दिशदाशा रक्तानं भिजली. पिस्तुलाला आडवी चीर गेली होती. आजोबांचं ते पिस्तूल कायमचं संपलं.

मदतीला धावलेल्यांत बाळकृष्ण होता, रेंजवर सुरक्षा बघणारा चिपळूणचा गडी. त्यानं वालिदांना गाडीत घातलं आणि परत येऊन जमिनीवरची तिसरी पुंगळी उचलली. तळाचा ठसा त्यानं भिंगाखाली धरला, मग ती उस्मानच्या हातात दिली. टोकारेव्ह.

तीन दिवसांनी क्लबाच्या कॅप्टननं चौकशीला बोलावलं. निवृत्त ओमानी फौजी, कडक माणूस. गालावर सात टाके घेऊन वालिद खुर्चीत बसलेले. उस्मान दाराशी उभा. रात्रभर त्याला झोप नव्हती. चूक सांगितली तर नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा जाणार, अल हैलचं घर रिकामं करायचं, आणि मुलगी निदा बारावीच्या बोर्डाला बसलेली, दोन महिन्यांवर परीक्षा. तरीही सांगायचंच, असं ठरवून तो आला होता. निदान घरून निघताना तरी ठरवलं होतं.

कॅप्टननं विचारलं, "काडतुसं कोणी दिली?"

उस्माननं तोंड उघडायच्या आत वालिद म्हणाले, "माझी होती. घरी जुनी पडलेली. उस्माननं दिलेली बाजूला ठेवली आणि माझी भरली."

कॅप्टन चमकला. बाहेरचं काडतूस रेंजवर आणलं तर मेंबरशिप जन्माची रद्द, हा क्लबाचा पहिला नियम, दारावरच लिहिलेला. त्यानं वालिदांकडे बघितलं, मग उस्मानकडे. "उस्मान?"

वालिदही वळले. त्यांनी उस्मानकडे बघितलं आणि बघत राहिले. कॅप्टननं पेन उचललं नाही. बाहेर कोणी नळकांडी उडवत होतं, त्याचे बार ऐकू येत होते.

उस्मानची नजर पायाशी. गल्फमध्ये सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट अंगात भिनते. ऑफिसात अर्बाब, म्हणजे मालक, बोलला की त्याच्यावर आपण बोलायचं नाही. ओमानी माणसाचा शब्द दुसऱ्या ओमानी माणसासमोर खोटा पाडायचा नाही. त्यातून हे तर वालिद, वडिलांच्या ठिकाणी, त्यांना कॅप्टनसमोर खोटारडे ठरवायचं? ही बेअदबी कशी करायची? असं तो स्वतःला सांगत राहिला, आणि त्याला ते पटलंही. पटणारच. सोयीचं होतं ना!

"बरं," कॅप्टन म्हणाला, आणि त्यानं लिहायला घेतलं.

वालिद उठले. दाराशी उस्मानजवळून जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. दर शनिवारी ठेवायचे.

घरी त्यानं बिलकीसला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "अल्लानं वाचवलं. फरिश्ता आहे तो माणूस." पण आतल्या खोलीतून निदा बाहेर आली. तिचं मराठी अडखळत चालायचं, इंग्रजीच्या कुबड्या घेऊन. "अब्बा, अंकलनी लाय सांगितलं... आणि तू जस्ट उभा राहिला? काहीच नाय बोलला?" उस्मान तिच्यावर खेकसला, अभ्यास कर म्हणाला. ती गेली. तो मात्र जेवला नाही.

क्लबात बाळकृष्णानं कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. फक्त एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना म्हणाला, "उस्मानभाई, मी चुगली करणार नाही. पण शनिवारी तो बाक रिकामा बघवत नाही ओ." उस्मान म्हणाला, "निदाची परीक्षा होऊ दे. मग बोलतो." बाळकृष्णानं भाकरी मोडली.

परीक्षा संपली. मार्चचा शेवट आला, ऊन तापायला लागलं. एका शुक्रवारी नमाजानंतर उस्मान हलव्याचा डबा घेऊन जुन्या सीबमध्ये वालिदांच्या घरी गेला. त्यांनी मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, बसवलं. खजूर आला, काहवा आला. सगळं कसं पाहुण्याला करतात तसं नीटनेटकं. हेच उस्मानला टोचलं. क्लबात वालिद स्वतःच्या हातानं ओतायचे, आज नातवानं ओतला.

नातू गेल्यावर उस्मान घडाघडा बोलला. भिंग, रुमाल, तीन काडतुसं, सगळं. बोलताना त्याला रडू फुटलं. "वालिद, माझ्या गर्वानं तुमचं पिस्तूल गेलं. आणि तुम्ही मला वाचवलंत."

"ठाऊक आहे," वालिद म्हणाले. गालावरचा वण अजून लाल होता. "घरी काडतुसं असती तर तुझ्यामागे दहा वर्षं लागलो असतो का?"

"मग तुम्ही खोटं का बोललात?"

"तुझी मुलगी डोळ्यांसमोर आली, म्हणून बोललो. पण बोलताना खात्री होती की तू पुढे येशील. म्हणशील, नाही वालिद, हे खरं नाही. मग मी कॅप्टनचा हात धरणार होतो. सांगणार होतो, पिस्तूल माझं, गाल माझा, आणि हा माणूस माझा आहे, एक चूक माफ कर. तो माझं ऐकतो. म्हणून तर पेन न उचलता थांबला होता. तुझ्यासाठी आम्ही दोघं थांबलो होतो, उस्मान."

उस्मान कसाबसा म्हणाला, "तुमच्यावर बोलणं... मला वाटलं, बेअदबी होईल."

"असं?" वालिद हसले, पण हसण्यात राग होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "पंधरा वर्षं सगळ्यांसमोर तू मला ओरडलास. वालिद, कोपर खाली. वालिद, बोट बाहेर. एकदा तर माझ्या हातातून पिस्तूल काढून घेतलंस, माझ्या जावयासमोर. मला त्याचा अभिमान वाटायचा. तेव्हा अदब कुठे होती?"

उस्माननं काहव्याचा कप खाली ठेवला आणि तो उठला. वालिद दारापर्यंत आले, रीत म्हणून.

रविवारी सकाळी पहिल्या तासाला तो कॅप्टनसमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. व्हिसा, घर, जे जायचं ते जाऊ दे म्हणाला. कॅप्टननं शांतपणे ऐकून घेतलं. मग खणातून एक कागद काढला, त्यावर चार ओळी खरडल्या आणि पुढे सरकवला. लेखी ताकीद. तीन महिने कोठीत एकट्यानं काम करायचं नाही, बास. उस्मान त्या कागदाकडे बघतच राहिला.

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"त्या दिवशी सांगितलं असतंस तरी एवढंच होतं," कॅप्टन म्हणाला. "सही कर."

त्या चार ओळींच्या भीतीनं आपण काय घालवून बसलो, हे उस्मानला तेव्हा नीट कळलं. त्यानं सही केली. कॅप्टननं त्याच्यासमोरच नासर बिन खलफान हे नाव परत यादीत चढवलं. उस्मान धावत बाहेर आला आणि बाकावर बसून त्यानं फोन लावला.

"वालिद, तुमचं नाव परत घातलंय! मी सगळं सांगितलं कॅप्टनला. येत्या शनिवारी या."

"चांगलं केलंस," पलीकडून आवाज आला. "अल्ला तुझं भलं करो. पण आता मी काय येऊ?"

"का नाही? पिस्तूल नाही म्हणून? क्लबाचं देतो ना वालिद, हवं ते देतो, माझ्या हातानं तपासून देतो. अजून दिसतंय तोवर..."

"उस्मान," वालिदांनी त्याला थांबवलं. "पंधरा वर्षं दर शनिवारी मी पिस्तुलासाठी येत होतो, असं वाटतं तुला?"

उस्मानकडे याचं उत्तर होतं. ते त्याला चांगलं ठाऊक होतं आणि जिभेवरही आलं होतं. वालिद फोनवर थांबले, बराच वेळ थांबले. आणि उस्मान याही वेळी गप्प राहिला.